पंधराव्या दिवसानंतरचा दवाखाना: लांबलेल्या आजारपणात घरच्यांनी काय करायचं, कसं करायचं

नाशकात कुणी ॲडमिट झालं की पहिले दोन दिवस दवाखान्याबाहेर माणसं मावत नाहीत. दिंडोरी-कळवणची भावकी सीबीएस बसस्टँडला उतरून थेट येते, सिडकोतले शेजारी येतात, सातपूरच्या कंपनीतले मित्र शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊनच येतात. पंधराव्या दिवशी पेशंटजवळ एकच माणूस उरलेलं असतं. बहुतेक घरांत ती बायको, सून नाहीतर मुलगी असते.

हा लेख त्या पंधराव्या दिवसासाठी आणि त्यापुढच्या महिन्यांसाठी आहे. पॅरालिसिस, डोक्याला मार लागलेला अपघात, मणक्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, लांबलेला आयसीयू, असलं काहीही असो. माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, पॅरालिसिस झाला तेव्हा आणि नंतर नात्यातली आणखी आजारपणं निभावताना जे कामाला आलं ते इथे आहे. माझं म्हणणं एवढंच: औषधांचं वेळापत्रक जितक्या काटेकोरपणे पाळता, तितक्याच काटेकोरपणे जवळ बसणाऱ्या माणसाची झोप आणि जेवण पाळा. ते माणूस आडवं झालं की पेशंटचं काही धड राहत नाही.

आधी तीन माणसं नेमा

ॲडमिट केल्यावर एक-दोन दिवसांत घरच्यांनी पंधरा मिनिटं बाजूला बसून तीन कामं तीन जणांना वाटून द्यावीत.

डॉक्टरांशी बोलणारा एक. तो घरातला सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात शिकलेला असायची गरज नाही. ऐकून घेणारा, न घाबरता विचारणारा आणि ऐकलेलं जसंच्या तसं घरी सांगणारा हवा. चार जण वेगवेगळ्या वेळी चार डॉक्टरांना गाठतात आणि संध्याकाळी घरात चार आजार तयार होतात. मेहुण्याच्या ओळखीतले डॉक्टर फोनवर सल्ला देणार असतील, तर तोही या एकाच्याच मार्फत येऊ द्या.

पैसे आणि कागद बघणारा दुसरा. हा रोज दवाखान्यात नसला तरी चालतो. तिसरं माणूस पाळ्या लावणारं. दवाखान्यात कुणी थांबायचं, डबा कुठून येणार, घरच्या मुलांची शाळा कोण बघणार, हे सगळं त्याच्याकडे. पुण्याला किंवा परदेशात असलेला मुलगा हे शेवटचं काम फोनवरून उत्तम करू शकतो. 'मी लांब आहे, माझा काय उपयोग' म्हणणाऱ्याला हेच काम द्या.

एक वही

मोबाईलवर नाही, कागदाची वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पेन दोऱ्याने बांधलेलं. मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात घरी जातो. वही पेशंटच्या उशाशी राहते आणि पाळी बदलताना नवीन माणूस आधी ती वाचतो.

आमच्या वहीत दिवसाला एक पान असायचं. वर तारीख. डावीकडे वेळ, उजवीकडे जे घडलं ते, विशेषणं न लावता. 'सकाळी ६, ताप १००.४, सिस्टरना सांगितलं, गोळी दिली. ८, पेज अर्धी वाटी, एकदा ठसका. १०, राउंड: उद्या लघवीची नळी काढून बघणार. १२, डावी कूस. २, उजवी कूस, माकडहाडावर लाल दिसतंय.' पानाच्या तळाशी उद्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. शेवटून वही उलटी धरून पैशांचा हिशेब: तारीख, रक्कम, कुणी दिले, पावती आहे का.

शेवटचा रकाना लाजून टाळू नका. भावाभावांत पुढे जे फाटतं ते बहुधा 'मी किती दिले' यावरूनच, आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

पाळ्या लावताना हंगाम बघा

'ज्याला जमेल तो येईल' या बोलीवर आठवडा निघतो, महिना निघत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या घरांना तर हंगाम आडवा येतो. द्राक्षाची छाटणी, पुढे थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू असताना बागवाला भाऊ मळा सोडून दवाखान्यात रात्र काढू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढणीला आला की निफाड-चांदवडचं माणूस मोकळं नसतं. त्यावरून टोमणे मारण्यापेक्षा त्याच्याकडून दुसरं काही मागा. तो रात्री थांबू शकत नसेल, तर केअरटेकरचे महिन्याचे पैसे त्याने द्यावेत, नाहीतर बाग उतरल्यावर सलग पंधरा दिवस त्याचे. हे तोंडावर बोलून ठरवलं की मनात धरलं जात नाही.

पाळी बारा तासांपेक्षा मोठी ठेवू नका. रात्र काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी झोपू द्या, त्याच्याकडून स्वयंपाक करून घेऊ नका. आठवड्यातून एक पूर्ण दिवस प्रत्येकाला सुट्टी, मुख्य माणसालाही. ती 'मला नको' म्हणणारच. तिला विचारत बसू नका, पाळी बदलायला माणूस पाठवा आणि त्याच्या तोंडून सांगा, "वहिनी, आता मी आहे, तुम्ही सहाच्या आत घर गाठा."

रात्रीची पिशवी तयारच ठेवा: चटई, शाल, कानटोपी (डिसेंबर-जानेवारीत नाशकाच्या दवाखान्यातली फरशी बर्फ असते), चार्जर, पाण्याची बाटली, डासांसाठी ओडोमॉस, स्वतःची औषधं. बीपीची गोळी घरी राहिली म्हणून थांबणाऱ्यालाच चक्कर आल्याचे प्रकार होतात. बाहेरगावच्या नातलगांना पंचवटीतल्या धर्मशाळा स्वस्तात पडतात. रोज गावाकडे ये-जा करण्यापेक्षा दोघांनी आठवडाभर तिथेच राहणं परवडतं.

एक नाशिककर म्हणून सांगते: २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाकडचेच नाही, शहरातले बरेच रस्ते वळवतात किंवा बंद करतात. त्या काळात ठरवून करायचं ऑपरेशन असेल किंवा फिजिओथेरपिस्ट घरी येत असतील, तर तारखा आधी बघा आणि पंधरा दिवसांची औषधं घरात भरून ठेवा. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पंचवटी आणि गावठाणामधलं जाणं-येणंही असंच अडतं.

राउंडला काय विचारायचं

डॉक्टर राउंडला आले की तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. 'कसे आहेत?' या प्रश्नाला 'स्टेबल आहेत' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी हे विचारा: कालच्यापेक्षा काय बदललं? आज कोणती तपासणी आहे आणि तिच्या रिपोर्टवरून काय ठरणार? कोणती नळी कधी निघेल? घरी नेता येण्यासाठी त्यांना काय काय जमायला हवं? शेवटचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा. उत्तरात तारीख मिळणार नाही, पण 'स्वतः गिळता आलं पाहिजे, आधाराने बसता आलं पाहिजे' अशी यादी मिळेल आणि मग रोज कशावर मेहनत घ्यायची ते कळेल.

समजलं नाही तर 'मी जे समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा' म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा. चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत. दुसरं मत घ्यायचं असेल तर लपूनछपून घेऊ नका. केसपेपर, रिपोर्ट, सीटीची सीडी मागा. वैद्यकीय नोंदींची प्रत लेखी मागणीनंतर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आणि सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी, मामा यांची नावं पाठ करा. डॉक्टर दिवसातून एकदा येतात, ही माणसं चोवीस तास असतात. नावाने हाक मारून, आवाज न चढवता मागितलेली मदत लवकर मिळते हे मी प्रत्येक दवाखान्यात पाहिलंय.

पैसा: पहिल्याच दिवशी विचारायच्या गोष्टी

लांबलेल्या आजारात घर बिलापेक्षा उशिरामुळे जास्त बुडतं. योजनेची चौकशी दहाव्या दिवशी केली तर आधीचा खर्च परत मिळेलच असं धरून चालू नका.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते आता फक्त पिवळ्या-केशरी रेशन कार्डापुरतं राहिलेलं नाही. मात्र दोन अटी नीट समजून घ्या: दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि तो आजार किंवा ते ऑपरेशन योजनेच्या यादीत असलं पाहिजे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. आधार आणि रेशन कार्ड घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. हेल्पलाईन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानसाठी १४५५५.

धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. दवाखान्याच्या समाजसेवा विभागात 'निर्धन रुग्ण निधीतून करायचंय' असं स्पष्ट म्हणा, नुसतं 'काही सूट मिळेल का' असं नाही. टाळाटाळ झाली तर तक्रार धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात करता येते.

सातपूर-अंबडच्या कामगारांनी ईएसआय (कामगार राज्य विमा) विसरू नये. कार्डावर घरच्यांवरही उपचार होतात आणि कामगार स्वतः आजारी असेल तर अटी पूर्ण होत असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई मिळते. काही ठरावीक दीर्घ आजारांत ती मुदत बरीच वाढते. त्यासाठी आजारपणाचे दाखले वेळेवर जमा व्हावे लागतात. हे काम कागदवाल्या माणसाच्या वहीत पहिल्या ओळीला लिहा.

खासगी विमा असेल तर कॅशलेसची विनंती ॲडमिट होतानाच टाका. डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्याने अंतिम बिल पाठवल्यावर विमा कंपनीने तीन तासांत उत्तर द्यावं, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवलं तर हा नियम टेबलावर सांगा. बऱ्याच पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले असतात. त्यामुळे घरी आल्यावरच्या औषधांच्या आणि तपासण्यांच्या पावत्याही जपा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

दर तीन-चार दिवसांनी चालू बिलाची प्रत मागा. शेवटच्या दिवशी एकदम आकडा ऐकून हातपाय गाळण्यापेक्षा हे बरं. आणि औषध रोजचं, महिनोन्महिने चालणारं असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, फरक मोठा पडतो.

आयसीयू आणि भ्रम

आयसीयूत भेटायला दहा मिनिटं मिळतात. हात धुवून आत जा, हात धरा, नाव घेऊन बोला. डोळे मिटलेले असले तरी बोला: आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे, नातीची परीक्षा झाली. समोर उभं राहून 'आता काही खरं नाही' असली चर्चा मात्र करू नका, ऐकू येत असतं.

आयसीयूत किंवा ऑपरेशननंतर वयस्कर माणसं अचानक भलतंच बोलायला लागतात. रात्री उठून जायला बघतात, नळ्या ओढतात, मुलालाच 'तू कोण' विचारतात. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. बहुतेक वेळा हा आजारपणातला भ्रम असतो आणि तो उतरतो. पण तो दिसला की डॉक्टरांना लगेच सांगायचं, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातलं मीठ (सोडियम) कमी होणं, लघवी तुंबणं किंवा एखादं औषध असू शकतं. तुमच्या हातात असलेले उपाय साधे आहेत. त्यांचा चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरून आणून द्या. समोर दिसेल असं घड्याळ आणि कालनिर्णय लावा. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. वाद घालू नका. "आप्पा, आपण दवाखान्यात आहोत, मी इथेच बसलेय" एवढंच, हव्या तितक्या वेळा.

वॉर्डातलं रोजचं काम

लांबलेल्या आजारात माणूस मूळ दुखण्याइतकाच अंथरुणाला खिळल्याने खचतो. स्नायू झपाट्याने जातात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. घरच्यांच्या हाताने हे बरंच टळतं.

कूस. स्वतः हलता न येणाऱ्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. एकट्याने ओढायचं नाही. दोघांनी खालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून मुठीत धरायची, 'एक-दोन-तीन' म्हणून उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी घासते आणि तिथूनच जखम सुरू होते. कुशीवर वळवल्यावर पाठीमागे लोड, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी. वळवताना दर वेळी माकडहाड, खुब्याची हाडं, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू बॅटरी लावून बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर त्या अंगावरचा भार काढा आणि लक्ष ठेवा. पांढरा पडलाच नाही, तर जखमेची सुरुवात झालीय, सिस्टरना त्याच घटकेला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने बघा. त्या जागेवर तेल चोळायचं नाही. रबरी रिंगवर बसवायचं नाही, रिंगमुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. एअर बेड जरूर घ्या, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

नळीतून जेवण. नाकातून घातलेल्या नळीने पातळ आहार देत असाल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच आणि दिल्यानंतर पाऊण-एक तास तशीच. आडवं करून दिलं की पोटातलं फुप्फुसात जायची भीती. नाकाजवळची नळीवरची खूण सरकलेली दिसली, तर काही देण्याआधी सिस्टरना बोलवा. आधी-नंतर थोडं पाणी सोडून नळी धुवायची. प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही. सावकाश विरघळणाऱ्या आणि कोटिंगच्या गोळ्या कुटल्या की एकदम अंगात जातात, त्यांना पर्यायी औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तोंडाने जेवण. पॅरालिसिसच्या पेशंटला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घोटभर पाणीही देऊ नका, आत्याने कितीही 'ओठ सुकलेत बिचाऱ्याचे' म्हटलं तरी. ओला बोळा ओठांना लावा. तोंडाने सुरू झाल्यावर पूर्ण बसवून, छोटा चमचा, मान किंचित खाली. पातळ पाण्याचा ठसका लागतो तिथे नाचणीची दाट पेज, मुगाचं घट्ट वरण-भात, मऊ खिचडी, दही उतरतं. घासानंतर आवाज ओला, घरघरता आला तर थांबा. ताकद यायला प्रथिनं लागतात: डाळी, पनीर, अंडं, खाणाऱ्यांना मासे-चिकन. नुसती साबुदाण्याची पेज आणि शहाळं यावर माणूस उभं राहत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय देऊच नका.

लघवीची पिशवी कायम पोटाच्या पातळीखाली, पण फरशीला टेकू न देता. पेशंटला हलवताना ती अंगावर ठेवली की लघवी मागे फिरते.

हालचाल. फिजिओथेरपिस्ट दिवसातून अर्धा तास येतील, बाकीचा दिवस तुमचा आहे. ते करत असताना बघा, त्यांच्या देखत स्वतः करून दाखवा, मोबाईलवर व्हिडिओ घ्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांना बजावून ठेवा: पॅरालिसिस झालेल्या हाताला धरून पेशंटला कधीही ओढायचं नाही. खांदा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. उठवताना पाठीमागून आणि कमरेला आधार. जे त्यांना स्वतः जमतं ते त्यांनाच करू द्या, शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं लागली तरी. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने दिसते, पुढेही चालू राहते, फक्त सावकाश. त्यामुळे तेवढे महिने व्यायामात खाडा नको.

बघायला येणारे

येऊ द्या, पण वेळ ठरवा. संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी दोघं, सर्दी-खोकला असलेले नाहीत, लहान मुलं नाहीत. हे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळ्या लावणाऱ्याने लिहावं, म्हणजे पेशंटच्या बायकोला वाईटपणा येत नाही. रोजची खबरही तिथेच, दिवसातून एकदा. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा: मंगळवारचा डबा, लाईट बिल, मुलीला क्लासवरून आणणं. लोक खरंच करतात. पेशंटचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.

सुट्टी: इथून अर्धं काम सुरू होतं

'उद्या घेऊन जा' हे अचानक कानावर येतं, म्हणून घर आठवडाभर आधीच लावून ठेवा. तळमजल्यावरची किंवा संडासाला जवळची खोली. पलंग तिन्ही बाजूंनी फिरता येईल असा. हॉस्पिटलचा फिरकीचा पलंग, एअर बेड, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजन मशीन हे सगळं भाड्याने मिळतं, एकदम विकत घेऊ नका. व्हीलचेअर आणण्याआधी टेपने संडासाच्या दाराची रुंदी मोजा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि सिडकोच्या लहान घरांत ती आत जातच नाही असं ऐन वेळी कळतं. बाथरूममध्ये भिंतीला लोखंडी दांडा, खाली घसरणार नाही अशी चटई, पलंगाजवळ हाक मारायला घंटी.

दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरच्या देखत ही कामं तुम्ही स्वतः, किमान दोघांनी, करून दाखवलेली असावीत: कूस बदलणं, नळीतून आहार देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, इन्सुलिन असेल तर ते टोचणं, ड्रेसिंग. बघून आलेलं घरी आठवत नाही, करून आलेलं आठवतं.

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर तिथेच बसून वाचा. ॲडमिट होण्याआधी चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू, कोणत्या बंद, कोणत्या बदलल्या? हा प्रश्न बऱ्याच कार्डांवर अर्धवट राहतो आणि मग घरी एकच औषध दोन नावांनी दिलं जातं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती किती दिवस आणि कोणी बंद करायची हे लिहून घ्या. पुढची तारीख, त्या दिवशी आणायच्या तपासण्या आणि रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर, हेही.

घरी केअरटेकर ठेवणार असाल तर ब्युरोकडून ओळखपत्राची प्रत घ्या आणि काम कागदावर लिहा: किती तास, सुट्टी कधी, डायपर-आंघोळ-व्यायाम यांतलं काय काय, स्वयंपाक-भांडी नाही. पहिले तीन दिवस घरचं कुणीतरी सोबत असावं. दागिने-पैसे कपाटात. आणि त्यांना चहा-जेवण वेळेवर द्या, नावाने बोला. चांगली केअरटेकर टिकली तर घर तरतं.

खालच्यातलं काहीही झालं तर 'सकाळी बघू' नाही. अचानक तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, नव्याने हात-पाय लुळा पडणं. (मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे लक्षण नेमकं किती वाजता दिसलं ते लिहा.) दम लागणं, छातीत दुखणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. थंडी वाजून ताप. लघवी सहा-आठ तास न होणं. काळी डांबरासारखी शौचाला. शुगरच्या पेशंटला घाम सुटून गुंगी. १०८ ला फोन करा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा.

मन

घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत बरेच पेशंट गप्प होतात किंवा चिडचिड करतात. नोटप्रेसमध्ये किंवा ओझरला एचएएलमध्ये आयुष्यभर काम केलेल्या, कुणाचा एक कप चहा उधार न ठेवलेल्या माणसाला सुनेने डायपर बदलायचा, हे जड जातं. अशा कामाला शक्यतो मुलगा किंवा पुरुष केअरटेकर असावा. बदलताना दार लावावं, अंगावर चादर असावी. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसासारखं बोलू नये. घरातले निर्णय त्यांना विचारा, बागेत कोणतं औषध मारायचं एवढं का असेना. झोप उडणं, जेवण टाकणं, सारखं रडू येणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगा, पॅरालिसिसनंतर नैराश्य नेहमीचं आहे आणि त्यावर औषध आहे.

करणाऱ्या माणसालाही तेच लागू. तिची पाठ, तिची शुगर, तिची मासिक पाळी, तिचे दात, सगळं 'नंतर बघू'वर गेलेलं असतं. पाळ्या लावणाऱ्याने तिची स्वतःची डॉक्टरकडची तारीखही वहीत लिहावी आणि त्या दिवशी बदली माणूस द्यावा. कधीतरी पेशंटचा प्रचंड राग येतो, आणि मग त्या रागाची लाज वाटते. हे सगळ्यांनाच होतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मागे राहिलेले कागद

उजवा हात गेला की सही जाते. बँकेत आजारी खातेदाराला अंगठा लावून पैसे काढता येतात. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत अर्ज दिला की त्याची व्यवस्था करतात. मुखत्यारपत्र करायचं असेल तर पेशंट शुद्धीत आणि समजून उमजून बोलत असतानाच. पेन्शनरचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, पलंगावरून उचलून बँकेत नेऊ नका.

कायमचं अपंगत्व राहणार असं दिसलं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाईन अर्ज करून तपासणीला जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, जावं लागतं. झटक्यानंतर लगेच जाऊन उपयोग नाही, काही महिन्यांनी स्थिती स्थिरावली की जा. जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट आणि फोटो. सकाळी लवकर पोहोचा, सोबत दोघं असा, एक रांगेत आणि एक व्हीलचेअरपाशी. एसटीच्या आणि रेल्वेच्या सवलती, इन्कमटॅक्समधली सूट यांतलं बरंचसं या कागदावरून मिळतं.

भाड्याने आणलेल्या वस्तूंचं डिपॉझिट वहीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असेलच. पेशंट वॉकर धरून चालायला लागला की पलंग आणि एअर बेड आधी परत करा, व्हीलचेअर मात्र अजून महिनाभर राहू द्या. फॉलोअपला ओपीडीत दोन-दोन तास बसावं लागतं.